घाटघरचे पाणी आणि विजेचे बदललेले घड्याळ

सूर्य मावळल्यावर सौरविजेची उणीव कशी भरून काढायची, हा प्रश्न महाराष्ट्रात आज नव्याने चर्चेत असला, तरी निर्मिती आणि मागणी यांच्या वेळा जुळत नाहीत ही अडचण येथील वीजयंत्रणेला सहा दशके परिचित आहे. बदलली आहे ती वीज शिल्लक पडण्याची वेळ.

औष्णिक संच थंड पडला, तर तो पुन्हा पूर्ण भारावर येण्यास कित्येक तास लागतात. पाण्यावरचा संच काही मिनिटांत धावू लागतो. म्हणूनच १,९६० मेगावॅटच्या कोयनेकडे प्रामुख्याने सकाळ-संध्याकाळच्या वाढीव मागणीसाठी पाहिले जाते. १३ मार्च १९९९ रोजी कोयना धरणाच्या शिवसागर जलाशयाला तळातून भोक पाडून चौथ्या टप्प्याच्या १,००० मेगावॅटसाठी पाणी घेण्यात आले, तेव्हा क्षमता वाढली. कृष्णा पाणीतंटा लवादाने पश्चिमेकडे वळवण्यास दिलेले वर्षाचे ६७.५ टीएमसी पाणी मात्र तेवढेच राहिले. म्हणजे तेच पाणी थोड्या वेळात, नेमक्या गरजेच्या वेळी वापरण्याची सोय झाली. पण सह्याद्री उतरून वीजगृहातून बाहेर पडलेले पाणी वाशिष्ठीला मिळते, ते परत वर येत नाही.

ते परत वर नेण्याची व्यवस्था म्हणजे उदंचन. भिरा येथील १५० मेगावॅटच्या संचानंतर २००८ मध्ये घाटघरचा २५० मेगावॅटचा प्रकल्प सुरू झाला. वर घाटघर, खाली कोकणात चोंढे, आणि मध्ये १२५ मेगावॅटचे दोन संच, जे एका दिशेने फिरले की वीज देतात आणि उलटे फिरले की पाणी वर चढवतात. उदंचनात शंभर युनिट खर्चून साधारण पंचाहत्तर ते ऐंशी परत मिळतात, म्हणजे युनिटांच्या हिशेबाने हा तोट्याचाच व्यवहार. मध्यरात्री कोळशाचे संच बंद करता येत नाहीत आणि मागणी मात्र ओसरलेली असते, म्हणून तो परवडत असे.

त्याच रात्रीच्या विजेचा दुसरा वाटेकरी शेतकरी होता. थ्री फेजची पाळी रात्रीची आली, की बिबट्याची आणि विंचूकाट्याची धास्ती बाळगत, बॅटरी घेऊन बांधावर जायचे आणि मोटर चालू करायची. २०१७ मध्ये मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना आली आणि हा भार दिवसावर आणण्याचे काम सुरू झाले. मागणीच निर्मितीच्या वेळेवर नेण्याचा हा उपाय माझ्या मते कोणत्याही बॅटरीपेक्षा स्वस्त आहे, जरी चर्चेत त्याला साठवणुकीचा मान मिळत नसला तरी.

घरातले दिवे आणि पंखे मात्र दुपारवर ढकलता येत नाहीत. वाऱ्याचा भरवसा वेगळाच: साताऱ्याजवळच्या चाळकेवाडीच्या पठारावरील पवनचक्क्या पावसाळ्यात जोमाने फिरतात, आणि नेमक्या तेव्हाच शेतीपंप बहुतेक बंद असतात. त्यामुळे दुपारच्या सौरविजेने पाणी चढवायचे आणि दिवेलागणीला ते सोडायचे, असा उदंचनाचा हिशेब आता उलटा मांडला जातो. २०२३ मध्ये केंद्राने सौरतासांतील वीजदर नेहमीच्या दरापेक्षा किमान २० टक्के कमी ठेवण्याचा नियम केला आणि त्याच वर्षाच्या अखेरीस राज्याचे उदंचन धोरणही आले. सह्याद्रीत त्यासाठी उंचीची वानवा नाही. मात्र वरच्या आणि खालच्या तळ्यांना लागणारी जमीन बऱ्याच ठिकाणी जंगलाची आहे.