रक्ताबरोबर लोहही चढतं

रक्त चढवण्याचा इतिहास सांगताना बहुतेक जण १९०१ पासून सुरुवात करतात. कार्ल लँडस्टायनर यांनी व्हिएन्नात रक्तगट उलगडले आणि कुणाचं रक्त कुणाला चालेल हे कळू लागलं. पहिल्या महायुद्धाच्या सुमारास सायट्रेट मिसळून रक्त न गोठता ठेवता येऊ लागलं. १९३७ मध्ये शिकागोत बर्नार्ड फँटस यांनी रक्तपेढी उभारली. त्यानंतर सगळा भर रक्त किती दिवस टिकवता येईल यावर राहिला. १९४० च्या दशकात ही मुदत २१ दिवस होती, पुढे ३५ आणि मग ४२ झाली.

ही मुदत ठरवायची कसोटी अशी: रक्त चढवल्यावर २४ तासांनी किमान तीन चतुर्थांश तांबड्या पेशी टिकलेल्या हव्यात. पण उरलेल्या एक चतुर्थांश पेशींचं काय? मला खरी गोष्ट इथेच सुरू होते असं वाटतं. एका पिशवीत २०० ते २५० मिलिग्रॅम लोह असतं. म्हणजे जुन्या पिशवीतून एका दिवसात पन्नासेक मिलिग्रॅम लोह मोकळं होऊ शकतं. अन्नातून शरीर रोज घेतं जेमतेम एक-दोन मिलिग्रॅम!

याची किंमत आधी थॅलेसेमियाच्या, म्हणजे जन्मजात रक्तदोषामुळे वारंवार रक्त चढवावं लागणाऱ्या, मुलांनी मोजली. नियमित रक्तामुळे ती जगू लागली, पण साठलेल्या लोहाने त्यांचं हृदय निकामी होई. शरीरातलं जादा लोह बाहेर काढणारं डेस्फेरिऑक्झामाइन हे औषध आल्यावर रात्रभर पोटाच्या कातडीखाली सुई आणि उशाशी छोटा पंप, अशा कित्येकांच्या रात्री गेल्या. १९७८ मध्ये हर्शको आणि सहकाऱ्यांनी अशा रुग्णांच्या रक्तात ट्रान्सफेरिनला (रक्तात लोह वाहून नेणाऱ्या प्रथिनाला) न चिकटलेलं, म्हणजे मोकळं, लोह दाखवलं. हेच लोह हायड्रोजन पेरॉक्साइडशी भिडून हायड्रॉक्सिल रॅडिकल हा अतिशय विध्वंसक कण तयार करतं आणि पेशींच्या आवरणातली स्निग्धद्रव्यं खराब होतात. ते थोपवताना ई जीवनसत्त्वासारखे अँटिऑक्सिडंट खर्ची पडतात. या रुग्णांत ई जीवनसत्त्व कमी आढळतं ते यामुळेच. असे विध्वंसक कण अँटिऑक्सिडंटना भारी पडतात त्या स्थितीची ‘ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेस’ ही संकल्पना हेल्मुट झीस यांनी मांडली ती १९८५ मध्ये.

मग लक्ष पिशवीकडे वळलं. साठवणीत पेशींतलं ग्लुटाथायोन हे अँटिऑक्सिडंट घटत जातं, म्हणजे पेशी रुग्णाकडे पोहोचते तेव्हाच तिची ढाल पातळ झालेली असते. २०११ मध्ये निरोगी स्वयंसेवकांना त्यांचंच ४० ते ४२ दिवस साठवलेलं रक्त दिलं, तर काही तासांतच मोकळं लोह वाढलं. ताज्या रक्ताने तसं झालं नाही.

तरीही एबल या २०१५ च्या मोठ्या चाचणीत, अतिदक्षता विभागातल्या रुग्णांमध्ये, ताज्या आणि जुन्या रक्तामुळे मृत्यूच्या प्रमाणात फरक पडला नाही. हा निष्कर्ष मोलाचा आहे. जुनी पिशवी लावली म्हणून नातेवाइकांनी घाबरू नये. मात्र त्या चाचणीतल्या ‘जुन्या’ रक्ताचं सरासरी वय २२ दिवस होतं. २०१७ मध्ये संशोधकांनी निरोगी स्वयंसेवकांना एक ते सहा आठवडे साठवलेलं रक्त देऊन तपासलं तेव्हा मोकळ्या लोहाची ठळक वाढ सहाव्या आठवड्याच्या रक्तात दिसली, आणि त्या संशोधकांनी कमाल मुदत ३५ दिवसांवर आणावी असं सुचवलं.