जुन्या खेळाडूचा निरोप (गोव्यातील फुटबॉल)

एकाच क्लबकडून अनेक हंगाम खेळलेला फुटबॉलपटू करार संपल्यामुळे, करार मोडून किंवा निवृत्त होऊन क्लब सोडतो, त्या वेळचे व्यवहार आणि पाठीराख्यांचा प्रतिसाद. ‘जुना’ कोणाला म्हणावे याचा नियम नाही. धेंपो किंवा साळगावकर या गोव्यातील जुन्या क्लबांच्या काळात दहा वर्षे खेळलेल्यालाच हा मान मिळे. इंडियन सुपर लीगमध्ये (आयएसएल) करार सहसा एक-दोन वर्षांचे असतात, त्यामुळे चार-पाच हंगाम टिकलेला परदेशी खेळाडूही लोकांच्या लेखी जुना ठरतो.

गोव्यात या निरोपाचे वेळापत्रकच अडचणीचे आहे. भारतीय क्लबांचे बहुतेक करार 31 मे रोजी संपतात. लीग त्याआधीच, मार्च ते मेच्या दरम्यान आटोपलेली असते आणि जूनच्या पहिल्या आठवड्यात मान्सून येतो. खेळाडू जाणार हे अधिकृतपणे कळते तेव्हा मडगावच्या फातोर्डा स्टेडियमवर सामनाच नसतो. त्यामुळे पाठीराख्यांची प्रतिक्रिया दोन तुकड्यांत उमटते. पहिली पावसात, मोबाइलवर आणि संध्याकाळी रस-ऑमलेटच्या गाड्याभोवती. दुसरी काही महिन्यांनी गॅलरीत, तोच खेळाडू दुसऱ्या क्लबची जर्सी घालून येतो तेव्हा. या दोन्हींत पुष्कळदा मेळ नसतो. जूनमध्ये गद्दार ठरलेल्याला डिसेंबरात टाळ्या मिळतात, आणि उलटही होते.

कराराची बाजू

फिफाच्या नियमांनुसार करार संपायला सहा महिने किंवा त्याहून कमी उरले की खेळाडू दुसऱ्या क्लबशी करार करू शकतो. 31 मे रोजी मोकळा होणारा खेळाडू डिसेंबरपासूनच बोलणी करायला मोकळा असतो. म्हणजे हंगामाच्या उत्तरार्धात तो आपल्या क्लबसाठी जीव तोडून खेळत असताना त्याची पुढची सही झालेलीही असू शकते. यात नियमभंग काही नाही. पाठीराख्यांना मात्र हे नंतर कळते आणि मग फेब्रुवारीतला चुकलेला प्रत्येक पास संशयाने आठवला जातो. हा संशय बहुधा अन्यायाचा असतो. तिशी ओलांडलेल्या खेळाडूला दुखापत परवडत नाही, म्हणून तो काही चेंडूंवर पाय आखडता घेतो, आणि तो सही झालेली नसतानाही घेतो.

करार चालू असताना जायचे असेल तर तीन वाटा आहेत: दोन्ही क्लबांनी रक्कम ठरवणे, करारात लिहिलेली सुटकेची रक्कम भरणे किंवा परस्परसंमतीने करार संपवणे. कारणाशिवाय करार मोडला तर भरपाई द्यावी लागते. संरक्षित काळात, म्हणजे करार सुरू झाल्यानंतरच्या ठरावीक काळात मोडला तर खेळबंदीही होऊ शकते. हा काळ खेळाडूने 28 वर्षांच्या आत सही केली असल्यास तीन हंगाम किंवा तीन वर्षांचा आणि नंतर केली असल्यास दोनचा असतो. वयस्क खेळाडू तुलनेने लवकर मोकळे होतात ते यामुळे. दोन महिन्यांचे वेतन थकले, खेळाडूने लेखी नोटीस देऊन पंधरा दिवस वाट पाहिली आणि तरीही पैसे आले नाहीत, तर करार सोडायला त्याला रास्त कारण मिळते. लोकांना ‘तो पैशासाठी गेला’ असे दिसते, तेव्हा त्यामागे अशी नोटीस असू शकते. तडजोडीच्या कागदात गुप्ततेचे कलम असेल तर दोघेही गप्प राहतात आणि अफवांना रान मोकळे मिळते.

जुन्या खेळाडूच्या जाण्यातून क्लबला सहसा पैसा मिळत नाही. खेळाडू घडवणाऱ्या क्लबला मिळणारी प्रशिक्षणाची भरपाई 23 वर्षांपर्यंतच्या खेळाडूंपुरती असते आणि करार संपलेल्याच्या बदलीला रक्कम नसते. म्हणून व्यवस्थापनापुढे जानेवारीतच प्रश्न उभा राहतो: आणखी एक वर्षाचा करार द्यायचा, की मेमध्ये फुकट जाऊ द्यायचे? एक वर्षाचा प्रस्ताव आणि दोन वर्षांची मागणी, इथेच बहुतेक बोलणी फिसकटतात.

कागदोपत्री बदली अखिल भारतीय फुटबॉल महासंघाच्या केंद्रीय नोंदणी प्रणालीत होते. नवा क्लब मागणी नोंदवतो, जुना क्लब मंजुरी देतो. मंजुरी अडली तर प्रकरण महासंघाच्या खेळाडू-दर्जा समितीकडे जाते. बदली एका देशातून दुसऱ्या देशात होत असेल तर आंतरराष्ट्रीय बदली प्रमाणपत्रही लागते.

दोन उदाहरणे

आयएसएलमधला गोव्याचा क्लब एफसी गोवा याने फेब्रुवारी 2020 मध्ये जमशेदपूरला 5-0 हरवून लीग शील्ड (साखळीतील पहिल्या क्रमांकाची ढाल) जिंकली आणि आशियाई चॅम्पियन्स लीगच्या गटफेरीत स्थान मिळवणारा तो पहिला भारतीय क्लब ठरला. प्रशिक्षक सर्जिओ लोबेरा यांना त्याआधीच दूर करण्यात आले होते. 7 मार्च रोजी फातोर्ड्यावर गोव्याने चेन्नईयिनला 4-2 हरवले, पण पहिल्या सामन्यातील 4-1 अशा पराभवामुळे उपांत्य फेरीतून संघ बाहेर पडला. त्यानंतर टाळेबंदी आली. पुढच्या काही महिन्यांत फेरान कोरोमिनास (आयएसएलमध्ये 57 सामन्यांत 48 गोल, सलग दोन हंगाम सर्वाधिक गोलांचा मान) क्लबमधून गेला. ह्युगो बुमूस, अहमद जाहू, मुर्तादा फॉल आणि 2014 पासून क्लबमध्ये असलेला गोमंतकीय कप्तान मंदार राव देसाई हे लोबेरांपाठोपाठ मुंबई सिटी या क्लबात दाखल झाले. 7 मार्चचा सामना निरोपाचा होता हे गॅलरीत कोणालाच ठाऊक नव्हते.

पुढचे दोन हंगाम गोव्यातच, पण जवळजवळ पूर्णपणे रिकाम्या मैदानांवर झाले. फातोर्डा, बांबोळी आणि वास्कोचे टिळक मैदान येथे सामने होत आणि पाठीराखे घरी टीव्हीसमोर बसत. 2020-21 च्या उपांत्य फेरीत मुंबई सिटीने गोव्यालाच पेनल्टी शूटआउटमध्ये बाहेर काढले आणि पुढे करंडक उचलला. त्या रागाला वाट मिळाली ती समाजमाध्यमांवर. प्रेक्षक परतले तोवर जाण्याला दोन वर्षे उलटून गेली होती. फेब्रुवारी 2023 मध्ये मुंबई सिटी फातोर्ड्यावर 5-3 जिंकली, तेव्हा जाहू, फॉल आणि मंदार तिच्या चमूत होते. इतक्या उशिरा आलेल्या प्रतिक्रियेची धार बोथट झालेली असते. राग मात्र आत साचून राहतो. त्याच वेळी गॅलरीत ओरडून मोकळा झालेला राग तितक्या काळ साचत नाही.

दुसरे उदाहरण ब्रँडन फर्नांडिसचे. 2017 पासून एफसी गोवात असलेल्या या मडगावच्या खेळाडूने 24 एप्रिल 2024 रोजी फातोर्ड्यावर मुंबई सिटीविरुद्धच्या उपांत्य फेरीच्या पहिल्या सामन्यात गोल करून संघाला 2-0 पुढे नेले. नव्वदाव्या मिनिटापासून तीन गोल खाऊन गोवा 2-3 हरला. उन्हाळ्यात ब्रँडन त्याच मुंबई सिटीत गेला. सात हंगाम खेळलेला घरचा माणूस, त्यातही ज्याने आपल्याला बाहेर काढले त्या क्लबकडे, हे अनेकांना पचायला जड गेले. 2020 पासून गोवा-मुंबई सामन्याला जी धग आली आहे तिचे एक कारण खेळाडूंचे हे एकाच दिशेने जाणे आहे. 2020-21 मध्ये गोव्यासाठी सर्वाधिक गोल करणारा इगोर अंगुलोही पुढच्या हंगामात तिकडेच गेला.

राग कोणावर?

परदेशी खेळाडू गेला तर हळहळ व्यक्त होते. तो परत जाणारच, हे गृहीत असते. गोमंतकीय खेळाडूच्या बाबतीत लोक तीन गोष्टी पाहतात: तो कोणत्या क्लबकडे गेला, बातमी आधी कोणी दिली आणि जाताना तो काय बोलला. कोलकात्याला किंवा केरळला गेलेल्याला पैशाचे कारण सहज माफ होते, थेट प्रतिस्पर्ध्याकडे गेलेल्याला होत नाही. अदलाबदलीत गेलेल्यावर राग जवळजवळ नसतोच. जानेवारी 2021 मध्ये लेनी रॉड्रिग्ज एटीके मोहन बागानकडे गेला आणि ग्लॅन मार्टिन्स गोव्यात आला, तेव्हा चर्चा ‘सौदा कोणाला लाभला’ याचीच होती.

गोवा लहान आहे, हेही विसरता येत नाही. क्लब सोडलेला खेळाडू राहतो इथेच. मडगावच्या बाजारात, चवथीला (गणेशचतुर्थीला), फेस्ताला (चर्चच्या सणाला) भेटतो. त्याचा भाऊ किंवा शाळासोबती त्याच गॅलरीत बसलेला असू शकतो. त्यामुळे तोंडावर शिवीगाळ क्वचित होते आणि रोख व्यवस्थापनाकडे वळतो. व्यवस्थापनाचे लोक बाजारात भेटत नाहीत.

निरोप बिघडतो तो असा

पहिली चूक वेळेची. नव्या क्लबने फोटो टाकल्यावर दोन तासांनी जुन्या क्लबची दोन ओळींची पोस्ट येते. कारण साधे असते: मंजुरीची प्रक्रिया पूर्ण होईपर्यंत जुना क्लब थांबतो, नवा थांबत नाही. दोन्ही माध्यमविभागांनी वेळ ठरवून घेतली तर हे टळते. दुसरी चूक आकड्यांची. आयएसएल, सुपर कप, ड्युरँड आणि आशियाई स्पर्धा यांचे सामने एकत्र धरले की वेगळे, हे न लिहिता संख्या दिली की लगेच कोणीतरी वही काढतो. तिसरी जर्सीच्या क्रमांकाची. सात वर्षे एकाच्या पाठीवर असलेला क्रमांक पुढच्याच महिन्यात नवख्याला दिला, तर त्याचा पहिला चुकलेला फटका त्या क्रमांकाच्या खात्यावर जातो. एक हंगाम तो रिकामा ठेवणे हा स्वस्त उपाय आहे.

फलकांबाबत पूर्वेकडच्या गॅलरीतली तयारी अशी असते. मांजरपाटाच्या पट्ट्या शिवून एकसंध कापड करतात. मैदानाची रुंदीच 68 मीटर असते, म्हणून समोरच्या गॅलरीतून वाचायला अक्षरे दोन-अडीच फूट उंच आणि त्यांची रेघ चार-पाच इंच जाड लागते. ऑइलपेंट घडी घातल्यावर तडकतो, म्हणून अ‍ॅक्रिलिक वापरतात. काठ्या प्रवेशद्वारावरच काढून घेतल्या जातात, त्यामुळे वरच्या काठात दोरी ओवावी लागते. मजकूर आधी दाखवून परवानगी घेतलेली बरी, नाहीतर सगळी मेहनत दाराशी पडून राहते. पाहुणा म्हणून आलेल्या जुन्या खेळाडूसाठी फलक साधारणपणे संघ सरावाला उतरतात तेव्हा दाखवतात, सामना सुरू झाला की गुंडाळतात. नव्वद मिनिटे तो प्रतिस्पर्धीच असतो आणि चेंडू पायाशी आला की शिट्ट्या वाजतात. त्याने गोल करून जल्लोष टाळला तर गॅलरीची निम्मी नाराजी तिथेच विरते.

आयएसएलपूर्वीचा काळ

खाणमालकांच्या आणि कंपन्यांच्या क्लबांत अनेक खेळाडू त्याच कंपनीचे नोकर असत. बूट टांगले तरी हजेरीपट सुटत नसे, म्हणून निरोपाला आजच्यासारखा धक्का नव्हता. ब्रह्मानंद शंखवाळकर यांची साळगावकरमधली दीर्घ कारकीर्द किंवा समीर नाईक, क्लिफर्ड मिरांडा यांची धेंपोतली सुमारे दीड दशके याच परंपरेतली. धेंपोने 2004-05 ते 2011-12 या काळात पाच राष्ट्रीय विजेतेपदे मिळवली, आणि शेवटच्या विजेतेपदानंतर आठ वर्षांचा सहवास संपवून रँटी मार्टिन्स कोलकात्याला गेला, तो त्या काळातला सर्वांत चर्चिला गेलेला निरोप. 2016 मध्ये धेंपो, साळगावकर आणि स्पोर्टिंग क्लब द गोवा यांनी आय-लीग या राष्ट्रीय लीगमधून माघार घेतली, तेव्हा चित्र उलटे झाले. खेळाडू होते तिथेच राहिले आणि मैदान क्लबांनी सोडले. धेंपो 2024 मध्ये दुसऱ्या विभागातून वर चढून आय-लीगमध्ये परतला, तेव्हा प्रशिक्षक समीर नाईकच होते.

गावागावांतल्या स्पर्धा एप्रिल-मेमध्ये भरतात. करार 31 मेपर्यंत असल्याने व्यावसायिक खेळाडूला क्लबच्या लेखी परवानगीशिवाय तिथे उतरता येत नाही. दुखापत झाली तर वेतन आणि विमा दोन्ही अडचणीत येतात. म्हणून क्लब सोडलेला, नवा करार न मिळालेला जुना खेळाडू पुढच्या उन्हाळ्यात गावच्या संघात दिसतो. प्रवेशिकेवर त्याचे नाव आले की समोरचा संघ सगळ्यात आधी त्याची केंद्रीय नोंदणी अजून चालू आहे का, हे तपासून घेतो.