बारकोडवरून देश ओळखता येतो का?

‘बारकोड ६९० ते ६९९ने सुरू झाला तर माल चीनचा, ८९०ने झाला तर भारतातला,’ असा मेसेज वर्षानुवर्षे फिरतो आहे. त्यातले आकडे खरे आहेत, म्हणूनच तो पटतो. चुकतो तो त्यांचा अर्थ.

पहिले तीन आकडे एवढंच सांगतात, की कंपनीने आपला क्रमांक कोणत्या देशातून घेतला. कारखाना कुठे आहे, याच्याशी त्यांचा संबंध नाही. भारतात नोंदलेल्या कंपनीने चार्जर चीनमध्ये बनवून घेतला, तरी त्यावर ८९० येऊ शकतो. उलटही होतं.

घरच्या घरी पडताळायचं असेल, तर वेगवेगळ्या देशांत छापलेली दोन पुस्तकं घ्या. दोन्हींवर बहुधा ९७८ दिसेल. हा कुठल्या देशाचा नव्हे, पुस्तकांचा आकडा आहे (९७९ही चालतो). दुकानात वजन करून चिकटवलेल्या लेबलावर अनेकदा सुरुवातीला २ असतो. तो त्या दुकानापुरताच, आणि पुढच्या आकड्यांत वजन किंवा किंमत दडलेली असते.

काउंटरवरचा स्कॅनर फक्त तेरा आकडे वाचतो. नाव आणि भाव दुकानाच्या संगणकातून येतात. तेरावा आकडा तर निव्वळ तपासणीचा: आधीच्या बारांवरून तो काढतात, म्हणजे एखादा आकडा चुकीचा वाचला गेला तर लगेच कळतं.

देश हवा असेल, तर वेष्टनावर ‘मेड इन’ किंवा ‘कंट्री ऑफ ओरिजिन’ शोधा. ऑनलाइन घेताना तीच ओळ वस्तूच्या तपशिलात, बहुतेक वेळा अगदी तळाशी असते.