चाळण झालेल्या भिंती

1830 साली फाउंटन ब्रँच कार्टर यांनी अमेरिकेतल्या टेनेसी राज्यात, फ्रँकलिन गावाच्या दक्षिण वेशीवर विटांचं घर बांधलं. गाव तेव्हा जेमतेम तीस वर्षांचं. पूर्वेकडून आलेल्या वसाहतकऱ्यांनी जंगल तोडून तिथे शेती उभी केली, तीही गुलामांच्या श्रमांवर. त्याच गुलामगिरीवरून उत्तरेकडच्या आणि दक्षिणेकडच्या राज्यांत पेटलेलं यादवी युद्ध 30 नोव्हेंबर 1864 रोजी कार्टरांच्या अंगणात येऊन ठेपलं.

उत्तरेच्या सैन्याने घरात मुख्यालय थाटलं आणि घराच्या दक्षिणेला खंदक खणून मातीचे बांध घातले. दुपारी चारच्या सुमारास दक्षिणेच्या बाजूचे जनरल हूड यांचं सैन्य उघड्या शेतांतून चालून आलं. लढाई सुमारे पाच तास चालली, बरीचशी अंधारातच. मृत, जखमी आणि बेपत्ता मिळून साडेआठ हजारांच्या आसपास माणसांना तिची झळ बसली.

रस्त्यापलीकडे जर्मनीहून आलेले सुतार योहान लोट्झ राहायचे. आपलं लाकडी घर या माऱ्यात टिकायचं नाही, हे ओळखून ते बायकामुलांसह कार्टरांच्या तळघरात आले. वीसहून जास्त माणसं तिथे दाटीवाटीने बसली होती. लोट्झांची मटिल्डा आदल्याच दिवशी सहा वर्षांची झाली होती. तळघरातले सगळे वाचले.

सुताराचा अंदाज भौतिकशास्त्राच्या कसोटीवर अचूक ठरतो. त्या युद्धातली नेहमीची गोळी म्हणजे मिनी गोळी. फ्रेंच अधिकारी मिनी यांच्या नावाची, मऊ शिशाची, बुडाशी पोकळ. बार उडाला की वायूच्या दाबाने बूड फुगायचं आणि नळीतल्या पिळदार खाचांत घट्ट बसायचं. गोळी फिरत निघायची, म्हणून लांबवर सरळ जायची. वजन साधारण 32 ग्रॅम, वेग सेकंदाला 300 मीटरच्या आसपास, म्हणजे ऊर्जा सुमारे 1,400 ज्यूल. पातळ फळी ही ऊर्जा थोडीच शोषते. तंतू फाटतात आणि गोळी पलीकडे निघते. वीट ठिसूळ असते. तिचा भुगा होताना ऊर्जा खर्च होते, शिसंही चपटं होतं. जाड भिंतीत गोळी थोडं आत जाऊन थांबते. तळघराला तर विटांच्या जोडीला चहूबाजूंनी मातीचा आडोसा.

हा फरक कार्टरांच्या आवारात आजही डोळ्यांनी दिसतो. घर, मांस धुरी देऊन टिकवायचं धुरीघर आणि शेतीचं लाकडी कार्यालय यांवर मिळून हजारावर गोळ्यांच्या खुणा आहेत. विटांवर खळगे, तर कार्यालयाच्या दक्षिण भिंतीच्या फळ्यांना आरपार भोकं.

मला सर्वांत मोलाची वाटतात ती ही भोकं. समोरून आलेली गोळी गोल भोक पाडते, तिरपी आलेली लांबट. भोकाची रुंदी लांबीच्या निम्मी असेल, तर गोळी फळीशी साधारण 30 अंशांचा कोन करून शिरली, असा हिशेब मांडता येतो. शिरताना कड बऱ्यापैकी साफ राहते, बाहेर पडताना ढलप्या निघतात. त्यावरून दिशा कळते. एकाच गोळीची दोन भोकं समोरासमोरच्या भिंतींत सापडली, तर त्यांतून दोरी ताणून तिचा मार्ग धरता येतो. गुन्ह्याच्या जागी न्यायवैद्यक तज्ज्ञ हेच करतात. पाच तासांच्या धुरात आणि काळोखात कुणाला काय दिसलं असेल? सैनिकांच्या आठवणींची पडताळणी करायला हीच भोकं कामी येतात.

हूड यांच्या सैन्यात कार्टरांचा मुलगा टॉड होता. घरापासून दोनशे मीटरच्याही आत तो गोळ्या लागून पडला. पहाटे घरच्यांनी त्याला शोधून आणलं. 2 डिसेंबरला त्याने त्याच घरात प्राण सोडला.

1951 मध्ये राज्य सरकारने ही वास्तू विकत घेतली आणि 1953 पासून ती लोकांसाठी खुली आहे. जतनाचं काम मात्र नाजूक आहे. उघड्या भोकांतून ओल आणि कीड शिरते, आणि लाकडातून निघणाऱ्या आम्लांच्या वाफांनी शिशाची पांढरी भुकटी होत जाते, म्हणून संग्रहालयं शिशाच्या गोळ्या ओकच्या कपाटात ठेवत नाहीत. फळी कुजली म्हणून बदलली, की तिच्यावरचे सगळे कोन कायमचे जातात. त्यामुळे दुरुस्तीआधी प्रत्येक भोकाचं माप आणि नेमकी जागा नोंदवून ठेवावी लागते.