उक्त्या सौद्यापासून मोजमापापर्यंत : छोट्या खासगी वनातल्या लाकूडविक्रीची पार्श्वभूमी

इमारती लाकूड तयार व्हायला ४०-५० वर्षे लागतात, काही जातींना १०० सुद्धा. त्यामुळे थोडेसे वन असलेला मालक आयुष्यात फार तर एक-दोनदा लाकूड विकतो. समोरचा व्यापारी मात्र दर आठवड्याला कुठे ना कुठे सौदा करत असतो. कुठल्या झाडातून किती माल निघेल, तो कुणाला लागतो, सध्या काय भावाने उठतो, हे त्याला तोंडपाठ असते. मालक उभ्या झाडांकडे बघतो आणि त्यात नक्की काय आहे याचा त्याला अंदाजही येत नाही. छोट्या वनांतल्या लाकूडविक्रीचा इतिहास वाचताना मला हीच तफावत पानोपानी दिसते. भावाची घासाघीस नंतरची. आधी माप कुणी घेतले, हे बघायला हवे.

फार पूर्वी हा प्रश्न एवढा टोकाचा नव्हता. रोमन लेखक काटो याने इ.स.पू. दुसऱ्या शतकात जमिनीच्या प्रकारांची प्रतवारी लावली, तेव्हा तोडीच्या वनाला सातवा क्रमांक दिला. हे वन म्हणजे झाडे बुंध्यापाशी तोडायची आणि खुंटातून येणारे फुटवे काही वर्षांनी पुन्हा तोडायचे. युरोपात अनेक शतके हीच पद्धत चालली. जळण, कुंपणाच्या काठ्या, कोळशाचे लाकूड असा माल निघायचा आणि गिऱ्हाईकही जवळपासचेच असायचे. तोड वरचेवर होत असल्याने भाव दोघांनाही ठाऊक. ओकची साल कातडी कमावणाऱ्यांना वेगळी विकली जाई आणि तिचा पैसाही चांगला येई.

मोठ्या झाडांचे तसे नव्हते. जहाजबांधणीला जाड लाकूड लागे आणि त्यावर राजांचा डोळा असे. इंग्लंडच्या १५४३ च्या कायद्याने फुटव्यांच्या तोडीच्या वनातही तोड करताना एकरी १२ झाडे मोठी होण्यासाठी राखणे बंधनकारक केले. फ्रान्समध्ये १६६९ च्या वनविषयक फर्मानाने समुद्र आणि नौकानयनाच्या नद्यांजवळच्या खासगी मालकांनाही मोठी झाडे तोडण्याआधी वर्दी द्यायला लावली. झाड स्वतःच्या जमिनीतले, पण विकायची मोकळीक अर्धवट.

मोजमापाची खरी गोष्ट अठराव्या शतकात सुरू होते. गोल ओंडक्याचे घनफळ बाजारात उभ्या उभ्या कसे काढायचे? १७३६ मध्ये एडवर्ड हॉपस या इंग्रजाने त्यासाठी तयार कोष्टके छापली. रीत सोपी : घेराचा चौथा हिस्सा घ्या, त्याचा वर्ग करा, लांबीने गुणा. समजा ओंडका १६ फूट लांब आणि मध्यावर घेर ४८ इंच. चौथा हिस्सा १२ इंच, म्हणजे एक फूट. घनफळ आले १६ घनफूट. प्रत्यक्षात त्या ओंडक्यात सुमारे २०.४ घनफूट लाकूड असते. म्हणजे पाचवा हिस्सा हिशेबातच येत नाही. चिराईत वाया जाणाऱ्या लाकडाची ही सूट, असे त्याचे समर्थन केले जाई. दोन्ही बाजूंना ते माहीत असेल आणि भाव त्याच मापावर ठरला असेल, तर तक्रारीला जागा नाही. ज्याला माहीत नाही तो मात्र एका मापाचा भाव दुसऱ्या मापाला लावून बसतो. सागाच्या व्यापारात हॉपसचे माप अजूनही चालते, म्हणून हे सविस्तर सांगितले.

अमेरिकेत गुंता आणखी वाढला. तिथे ओंडक्यातून किती फळ्या निघतील यावर माप ठरू लागले आणि त्याची एकापेक्षा जास्त कोष्टके निघाली : एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात डॉयल, १८४६ मध्ये स्क्रिब्नर, १९०६ मध्ये ‘इंटरनॅशनल’. १६ फूट लांब आणि वरच्या टोकाला १२ इंच व्यासाच्या ओंडक्याचे डॉयलप्रमाणे ६४ बोर्डफूट होतात (एक फूट लांब, एक फूट रुंद आणि एक इंच जाड फळी म्हणजे एक बोर्डफूट), इंटरनॅशनलप्रमाणे ९५. व्यास ८ इंच असेल तर १६ आणि ४०! जाड ओंडक्यांत हा फरक कमी होत जातो. छोट्या वनात बहुतेक माल बारीकच, त्यामुळे डॉयलचा फटका नेमका छोट्या मालकाला बसतो. तरीही अमेरिकेच्या काही भागांत ते कोष्टक आजही वापरात आहे.

स्वीडनच्या उत्तर भागातली हकिगत मनाला सर्वाधिक लागते. एकोणिसाव्या शतकात आरा गिरण्या वाढल्या आणि कंपन्यांनी शेतकऱ्यांकडून तोडीचे हक्क उक्ते घ्यायला सुरुवात केली. झाडे मोजायची नाहीत, एक रक्कम ठरवायची आणि करार करायचा तो ५० वर्षांपर्यंतचा! पुढे लाकडाचे भाव चढले, त्याचा फायदा कंपनीला. अनेकांनी तर वनासह शेतीही विकली. अखेर १९०६ मध्ये तिथे कंपन्यांना शेतकऱ्यांच्या जमिनी विकत घेण्यावर बंदी घालणारा कायदा आला. त्याआधी १९०३ च्या वनकायद्याने तोडीनंतर नवे वन उभे करण्याची जबाबदारीही घालून दिली होती.

एकट्याने जमत नाही म्हटल्यावर मालक एकत्र आले. फिनलंडमध्ये १९३४ साली मेत्सालिट्टो ही वनमालकांची संस्था उभी राहिली, दक्षिण स्वीडनमध्ये १९३८ साली तशीच सोद्रा. सुरुवात एकत्र विक्रीने झाली. पुढे सोद्राने सभासदांच्याच लाकडावर चालणारा कागदाच्या लगद्याचा कारखाना मोरुम इथे १९६२ मध्ये सुरू केला. जानेवारी २००५ मध्ये गुद्रुन वादळाने दक्षिण स्वीडनमध्ये सुमारे ७.५ कोटी घनमीटर लाकूड एका रात्रीत आडवे केले. साऱ्या देशाची जवळपास वर्षभराची तोड! अशा वेळी एकटा मालक पडलेला माल घेऊन कुणाच्या दारात उभा राहणार? संघटनेची खरी किंमत अशा वेळीच कळते.

दरम्यान झाड उभे असतानाच माप घेण्याचे साधनही मालकाच्या हाती आले. ऑस्ट्रियाच्या वॉल्टर बिटरलिख यांनी १९४८ मध्ये मांडलेली युक्ती अशी : एक मीटर लांब काठीच्या टोकाला दोन सेंटिमीटर रुंद पट्टी लावायची, काठीचे दुसरे टोक डोळ्याशी धरून एका जागी उभ्याउभ्या पूर्ण गिरकी घ्यायची आणि छातीइतक्या उंचीवर पट्टीपेक्षा जाड दिसणारी खोडे मोजायची. २० खोडे मोजली, तर तिथल्या एक हेक्टरभर खोडांच्या छेदांचे एकूण क्षेत्रफळ २० चौरस मीटर. त्याला उंचीची जोड दिली की घनफळाचा बऱ्यापैकी अंदाज येतो. व्यापाऱ्याला बोलावण्याआधी वनात चार-सहा ठिकाणी एवढे तरी करावेच.

आता तोडणारे यंत्रच बुंधा हातात धरताना लांबी आणि व्यास नोंदवते. फिनलंडमध्ये उभ्या झाडांच्या सौद्यात पैसे बहुधा याच नोंदीवर चुकते होतात, आणि यंत्र असते खरेदीदाराच्या बाजूचे. म्हणून तिथे अधूनमधून काही खोडे कॅलिपरने (जाडी मोजायच्या चिमट्यासारख्या साधनाने) हाताने मोजून यंत्राची नोंद पडताळतात. त्यावरही माप पटले नाही, तर मालकाला सरकारी मोजणीदाराकडून फेरमोजणी मागता येते.