एल्क-शिकारीचे हंगाम व टॅगपद्धती

एल्क-शिकारीचे हंगाम व टॅगपद्धती : उत्तर अमेरिकेतील एल्क या मोठ्या हरणाच्या कळपांची संख्या, त्यांतील नर-माद्यांचे प्रमाण व वयोरचना ठरावीक मुदतीच्या शिकारीतून राखण्याची पद्धत. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत वन्यजीव हा मुख्यतः राज्यांचा विषय असल्याने नियम राज्यागणिक बदलतात. परंतु परवाना, टॅग, हंगाम व शिकार-विभाग ही चौकट बहुतेक ठिकाणी सारखीच आहे. परवाना माणसाचा असतो. टॅग म्हणजे मारलेल्या जनावराला लावायची चिठ्ठी, ती एका जनावरापुरती. हा भेद ध्यानात ठेवला, तर पुढचे नियम उलगडायला वेळ लागत नाही.

नाव व वर्गीकरण : यूरोपात ‘एल्क’ म्हणजे मूस हे थोराड हरीण. अमेरिकेत उतरलेल्या इंग्रज वसाहतकारांनी ऐकीव माहितीवरून ते नाव या निराळ्याच हरणाला दिले असावे. शॉनी या मूलनिवासी जमातीच्या भाषेतून आलेला ‘वापिटी’ हा शब्द अधिक नेमका. त्याचा अर्थ पांढऱ्या पुठ्ठ्याचा, म्हणजे पार्श्वभागाचा. एर्क्सलेबेन या जर्मन निसर्गशास्त्रज्ञाने 1777 मध्ये त्याला सर्व्हस कॅनडेन्सिस हे शास्त्रीय नाव दिले. नंतर बराच काळ वापिटी ही यूरोपीय तांबड्या हरणाची उपजाती मानली जाई आणि जुन्या संदर्भग्रंथांत तशीच नोंद सापडते. 2004 मध्ये प्रसिद्ध झालेल्या मायटोकॉन्ड्रियल डीएनएच्या अभ्यासानंतर ती स्वतंत्र जाती मानण्याकडे कल झुकला व येथे तेच मत स्वीकारले आहे. काश्मीरचा हंगूलही पूर्वी तांबड्या हरणातच गणला जाई. आता तो मध्य आशियाई तांबड्या हरणात घातला जातो. म्हणजे हंगूल आणि वापिटी नातलग आहेत, पण पूर्वी समजले जात तितके जवळचे नाहीत.

वर्गीकरणाच्या या वादाचा व्यवस्थापनाशी थेट संबंध येतो. पूर्वेकडील एल्क एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस व नैर्ऋत्येकडील मेरियम एल्क 1906 च्या सुमारास नामशेष झाला असे धरतात. 1913 मध्ये यलोस्टोन राष्ट्रीय उद्यानातून आणलेले एल्क ॲरिझोनात सोडण्यात आले. मेरियम एल्क ही खरोखर वेगळी उपजाती असेल, तर आज ॲरिझोनात ज्याची शिकार होते तो प्राणी तेथील मूळचा नव्हे. नसेल, तर ते पुनर्वसन ठरते. मेरियम एल्कचे उपलब्ध नमुने इतके थोडे आहेत की वेगळेपणाचा दावा जपूनच स्वीकारावा.

ऱ्हास व पूर्वपीठिका : यूरोपीय लोक येण्यापूर्वी खंडात सुमारे 1 कोटी एल्क होते, हा आकडा निसर्गलेखक अर्नेस्ट टॉमसन सीटन यांच्या अंदाजावरून सर्वत्र उद्धृत होतो. तो मोजणीतून आलेला नसल्याने केवळ परिमाणाची कल्पना येण्यापुरता घ्यावा. विसाव्या शतकाच्या आरंभी 1 लाखाहूनही कमी एल्क उरले होते, याबद्दल मात्र फारसे दुमत नाही. या ऱ्हासाची कारणे तीन : मांस व कातडे यांसाठी झालेली बाजारी शिकार, चराऊ जमिनींवरचे अतिक्रमण आणि एक काहीसे अनपेक्षित कारण, म्हणजे सुळे. एल्कच्या वरच्या जबड्यात हस्तिदंतासारखे दोन छोटे सुळे असतात. घड्याळाच्या साखळीला ते लटकवण्याची टूम 1900 च्या आसपास इतकी फोफावली की सुळे उपटून बाकीचे धूड तसेच सोडून देणाऱ्यांच्या टोळ्या झाल्या. क्रो व इतर मैदानी जमातींच्या स्त्रियांच्या पोशाखांवर हेच सुळे पिढ्यान् पिढ्या मानाने शिवले जात आले होते, हे येथे आवर्जून नोंदवायला हवे. सुळे तेच, पण मारण्यामागची वृत्ती अगदी वेगळी.

1900 च्या लेसी कायद्याने बेकायदा मारलेल्या प्राण्यांच्या आंतरराज्य व्यापाराला आळा बसला. 1912 मध्ये वायोमिंगमधील जॅक्सनजवळ राष्ट्रीय एल्क आश्रयस्थान स्थापन झाले. 1937 च्या पिटमन–रॉबर्टसन कायद्याने बंदुका व काडतुसांवरील अबकारी कर राज्यांच्या वन्यजीव-कामाकडे वळवला. शिकार-परवान्याचा पैसा दुसरीकडे वळवणाऱ्या राज्याला हा निधी मिळत नाही. टॅगपद्धती टिकण्यास या अटीचा हातभार लागला. आज खंडात सुमारे 10 लाख एल्क आहेत. त्यांपैकी 2.5 लाखांहून अधिक एकट्या कोलोरॅडोत असून, तेथे 1910 च्या सुमारास ते हजाराच्या आत आले होते.

टॅगसंख्या ठरवणे : हिवाळ्यात बर्फामुळे कळप खालच्या उतारांवर एकवटतात, तेव्हा हेलिकॉप्टरमधून मोजणी होते. दर 100 माद्यांमागे किती नर व किती पाडसे, ही दोन प्रमाणे सर्वांत महत्त्वाची. झाडोऱ्यात दडलेली जनावरे नजरेतून सुटतात, म्हणून कळपाचा आकार, झाडांचे आच्छादन व बर्फ पाहून दुरुस्ती-गुणक लावतात. त्यानंतर कळपासाठी ठरवलेल्या अपेक्षित संख्येशी तुलना करून टॅग ठरतात. समजा एका विभागातून 300 माद्या कमी करायच्या आहेत आणि तेथे दर चार शिकाऱ्यांपैकी एकालाच यश मिळते, तर 1,200 टॅग काढावे लागतील. टॅगांची संख्या आणि मारल्या जाणाऱ्या जनावरांची संख्या एक नसते. एवढे न कळल्याने टॅगांचा आकडा वाचून दरवर्षी अनेकांचा गैरसमज होतो.

नर बहुपत्नीक असल्याने काही नर कमी झाले तरी पाडसांची संख्या फारशी घटत नाही. कळप वाढणार की आटणार हे मादीच्या टॅगवर ठरते. नराच्या टॅगने कळपातील नरांचे वय ठरते. सर्व नियमांचे मर्म येथे आहे, असे प्रस्तुत नोंदकाराला वाटते. मादीचा टॅग कोणी हौसेने मागत नाही, भिंतीवर तिचे डोके कोणी लावत नाही, पण कुरणाचा तोल तीच राखते.

हंगाम : माजाचा काळ सप्टेंबरच्या मध्यापासून ऑक्टोबरच्या आरंभापर्यंत. नराची शीळवजा लांबट हाक तेव्हा दऱ्यांतून ऐकू येते आणि हाकेला प्रतिसाद देणारा नर सावधपणा विसरतो. म्हणून हा काळ सामान्यतः धनुष्यबाणासाठी व ठासणीच्या बंदुकीसाठी राखतात. रायफलीचे हंगाम बहुधा ऑक्टोबर-नोव्हेंबरात येतात. कोलोरॅडोत ते चार तुकड्यांत विभागले आहेत. पहिला व चौथा मर्यादित टॅगांचा असतो, तर दुसऱ्या-तिसऱ्यात अनेक विभागांत नराचा टॅग थेट दुकानातून विकत मिळतो. धनुष्यबाणाच्या टॅगची अशी थेट विक्री परराज्यातील शिकाऱ्यांसाठी 2025 पासून बंद झाली आहे.

शिंगांचे निर्बंध : कोलोरॅडोच्या बहुतेक विभागांत नर मारायचा तर त्याच्या एका शिंगाला किमान चार फाटे हवेत किंवा कपाळाजवळचा फाटा 5 इंचांचा हवा. पहाटेच्या धूसर उजेडात, दुर्बिणीच्या काचेवर दव साचलेले असताना, चाळीस जनावरांच्या घोळक्यात फाटे मोजणे सोपे नाही. खात्री नसेल तर गोळी झाडायची नाही, हे शिकारी-शिक्षणात वारंवार बजावले जाते. वॉशिंग्टनमधील काही भागांत याच्या उलट रीत आहे : सर्वसाधारण टॅगवर फक्त स्पाइक, म्हणजे बिनफाट्याच्या सरळ शिंगांचा सुमारे दीड वर्षाचा नर मारता येतो आणि फाटेवाल्या नरासाठी सोडत लागते.

प्रौढ नर राखण्याचा खरा लाभ काय, याबद्दल मतभेद आहेत. ईशान्य ओरेगनमधील स्टार्की या कुंपणबंद प्रायोगिक जंगलात नरांचे वय दीड वर्षापासून पाच वर्षांपर्यंत वाढू दिले, तेव्हा माद्यांची गर्भधारणा सुमारे दोन आठवडे अलीकडे आली व एकाच सुमारास होऊ लागली. गर्भकाळ साधारण साडेआठ महिन्यांचा. जूनच्या आरंभी जन्मलेले पाडस हिवाळ्याआधी चांगले भरते, उशिराचे मागे पडते. मात्र खुल्या कळपांत नरांचे प्रमाण वाढवून हिवाळी मोजणीत पाडसे तितक्या प्रमाणात वाढलेली दिसली नाहीत, असेही दाखवले गेले आहे. स्टार्कीचे निरीक्षण भक्कम आहे, पण त्यावरून कळप वाढेलच असे अनुमान काढणे घाईचे ठरेल.

टॅग लावणे : जनावर पडल्याबरोबर, ते हलवण्यापूर्वी, टॅग भरावा लागतो. काही राज्यांत टॅगच्या कडेला महिने व तारखा छापलेल्या असतात व त्या सुरीने कापून काढतात. इतरत्र सही व तारीख पुरते. काही राज्यांत आता मोबाइलवरील टॅगही चालतो. मांसाचे तुकडे करून पाठीवरून उतरवायचे असले, तरी जनावर नर की मादी हे कळेल असा अवयव मांसाला जोडलेला ठेवावा लागतो. तपासनाक्यावर किंवा टपालाने काही राज्ये समोरचा एक दात मागवतात. त्याच्या मुळाचा पातळ काप रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली धरला की दंतसिमेंटच्या, म्हणजे मुळावरील कठीण आवरणाच्या थरांत गडद-फिकट वलये दिसतात. झाडाच्या खोडासारखी ती मोजली की वय कळते.

सोडत व गुण : मागणी टॅगांहून जास्त असेल तेथे सोडत काढतात. म्हाडाच्या सोडतीत नशीब अजमावणाऱ्या मराठी वाचकाला ही उत्कंठा वेगळी समजावून सांगायला नको. फरक इतकाच की अनेक राज्यांत अपयशाचीही नोंद राहते. कोलोरॅडोत प्राधान्य-गुण साठतात व जास्त गुणवाल्याला आधी टॅग मिळतो. नेव्हाडात बोनस-गुणांचा वर्ग करून त्यात एक मिळवतात, म्हणजे दहा गुणांना 101 संधी. आयडाहो व न्यू मेक्सिको गुणच देत नाहीत. प्राधान्य-गुणांत एक दोष उपजत आहे : दरवर्षी नवे अर्जदार टॅगांहून जास्त असले की रांग लांबतच जाते आणि लागणारे गुण अर्जदाराच्या पुढे पळतात. वायव्य कोलोरॅडोतील काही विभागांत वीसहून अधिक गुण लागतात. आज बारा वर्षांचे मूल रांगेत उभे राहिले, तर त्याची पाळी कधी येईल हा प्रश्न तेथील कुटुंबांना खरोखरच सतावतो.

यलोस्टोनच्या उत्तर कळपाचा वाद : शिकारीने कळप किती घटतो याची सर्वाधिक चर्चा याच कळपाबाबत झाली. उद्यानातील अति-चराई रोखण्यासाठी 1961–62 च्या हिवाळ्यात 4 हजारांहून अधिक एल्क खुद्द उद्यानाच्या यंत्रणेने मारले. लोकक्षोभामुळे ही प्रथा त्या दशकाच्या अखेरीस थांबली. 1976 पासून उद्यानाबाहेर मोंटॅनातील गार्डिनरजवळ उशिराचा हंगाम सुरू झाला. त्यात मुख्यतः माद्यांचे टॅग दिले जात आणि त्या सुमारास बहुतेक माद्या गाभण असत. 1995–96 मध्ये कॅनडातून 31 लांडगे आणून सोडले. 1994 मध्ये सुमारे 19 हजार असलेली मोजणी 2013 पर्यंत 4 हजारांच्या आसपास आली.

लांडग्यांना दोष देणे सोपे होते व अनेकांनी तो दिलाही. परंतु 1996–97 चा कडक हिवाळा, त्यानंतरचा दुष्काळ, पाडसे खाणारी अस्वले व गार्डिनरचा हंगाम ही सर्व कारणे एकाच काळात आली. लांडग्यांनी मारलेल्या प्रौढ माद्यांचे सरासरी वय सुमारे 14 वर्षे, तर शिकाऱ्यांनी मारलेल्यांचे 6 ते 7 वर्षे आढळले. चौदा वर्षांच्या मादीची वीण जवळजवळ आटोपलेली असते, सहा वर्षांची ऐन भरात असते. त्यामुळे आरंभीच्या घटीत शिकारीचा वाटा बराच होता, हे मत अधिक सयुक्तिक दिसते. पुढे टॅग झपाट्याने कमी केले गेले व 2010 च्या सुमारास तो हंगाम बंद झाला. त्यानंतरच्या स्थितीत श्वापदांचा वाटा मोठा असणे शक्य आहे.

कायदा : परराज्यातील शिकाऱ्यांना जास्त शुल्क लावता येते, हे अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने 1978 च्या बाल्डविन खटल्यात मान्य केले. तेव्हा मोंटॅनात एल्कसाठी स्थानिकाला 9 डॉलर, तर बाहेरच्याला 225 डॉलरचा एकत्रित परवाना घ्यावा लागे. न्यू मेक्सिकोत सोडतीचे 84 टक्के टॅग रहिवाशांना राखीव आहेत. मूलनिवासी जमातींचे करारजन्य हक्क या चौकटीपूर्वीचे आहेत. 2019 च्या हेरेरा विरुद्ध वायोमिंग खटल्यात, 1868 च्या तहाने क्रो जमातीला मिळालेला शिकारीचा हक्क वायोमिंग राज्य झाल्याने संपलेला नाही, असा निर्णय 5 विरुद्ध 4 मतांनी झाला.

रोग : हरणांना होणारा प्रायॉनजन्य, म्हणजे सदोष प्रथिनामुळे होणारा जीर्णक्षय 1967 मध्ये कोलोरॅडोतील बंदिस्त हरणांत व 1981 मध्ये रानातील एल्कमध्ये प्रथम आढळला. या रोगाच्या तपासणीसाठी काही विभागांत शिकाऱ्यांकडून डोक्यांचे नमुने घेतात.

इतर देश : कॅनडाच्या पश्चिम प्रांतांत टॅग व सोडतीची पद्धत साधारण अशीच आहे. भारतात 1972 च्या मूळ वन्यजीव संरक्षण कायद्यात काही अनुसूचींतील प्राण्यांसाठी शिकार-परवान्याची तरतूद होती. सांबर त्यांतच येई, हंगूल मात्र नव्हे. 1991 च्या दुरुस्तीने ती तरतूद काढून टाकण्यात आली.