रेकॉर्ड प्लेअरचा आवाज बिघडला? दुकानात आणण्याआधी हे पाहा

सुटकेसच्या आकाराचा, आतच स्पीकर असलेला रेकॉर्ड प्लेअर आमच्याकडून नेलेल्या ग्राहकांसाठी हे पत्रक आहे. दुरुस्तीला येणारे बरेच प्लेअर मुळात ठणठणीत असतात. दोष सुईत, रेकॉर्डमध्ये किंवा प्लेअर ठेवलेल्या जागेत निघतो आणि तो घरच्या घरी दूर करता येतो.

आवाजच येत नसेल तर सुईवरची प्लास्टिकची टोपी काढली आहे ना, बटण ब्लूटूथवर राहिलेले नाही ना आणि हेडफोनची पिन आत अडकलेली नाही ना, एवढे पाहा.

सर्वांत जास्त तक्रार असते ती सुई उडण्याची. प्लेअर डगमगत्या टीपॉयवर किंवा गादीवर नको, भक्कम आणि सपाट जागी हवा. आवाज मोठा केला की स्पीकरचा हादरा त्याच खोक्यातून सुईपर्यंत पोहोचतो आणि सुई खाच सोडते. आवाज कमी करून तीच ओळ पुन्हा वाजवा. आता उडत नसेल तर बाहेरचा स्पीकर जोडणे उत्तम. मात्र जोडणी ऑक्समध्ये (तयार आवाज घेणाऱ्या भोकात) करा, फोनोमध्ये (सुईचा क्षीण आवाज वाढवून घेणाऱ्या भोकात) केली तर आवाज फाटतो. दरवेळी नेमकी त्याच ठिकाणी उडत असेल तर रेकॉर्डवर कचरा किंवा ओरखडा आहे.

कळकळीची विनंती: सुई उडू नये म्हणून आर्मवर, म्हणजे सुई धरणाऱ्या दांडीवर, नाणे चिकटवू नका. या प्लेअरची सुई आधीच पाच-सहा ग्रॅम भाराने टेकते. रुपयाचे नाणे तीन-चार ग्रॅमचे असते. तेवढ्या ओझ्याखाली खाचेच्या भिंती घासल्या जातात आणि घासलेली खाच कोणीही दुरुस्त करून देऊ शकत नाही.

आवाज खरखरीत किंवा फाटलेला येत असेल तर आधी सुई पाहा. टोकाला धुळीचा गोळा दिसला तर मऊ ब्रशने मागून पुढे, म्हणजे तुमच्याकडे झाडा. बोटाने पुसू नका. बरोबर येणारी लाल सुई सफायरची असते आणि ती लवकर झिजते. रोज ऐकणाऱ्यांनी हिऱ्याची घ्यावी, महाग असली तरी रेकॉर्ड वाचतात. एलपीचे, म्हणजे ३३ च्या वेगाच्या मोठ्या रेकॉर्डचे, फक्त शेवटचे गाणे थोडे फाटत असेल तर तो बिघाड नाही. बाहेरच्या कडेला खाच सुईखालून सेकंदाला सुमारे ५० सेंटिमीटर सरकते, आत लेबलाजवळ जेमतेम २१. तेवढ्यात सगळे बारकावे टिपणे साध्या सुईला जमत नाही.

आजोबांच्या नाट्यसंगीताच्या लाखेच्या ७८ च्या (मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या) तबकड्या या सुईवर लावू नका. त्यांची खाच रुंद असते, त्यांना वेगळी सुई लागते आणि ती आमच्याकडे मिळते. या तबकड्यांना स्पिरिट किंवा सॅनिटायझर अजिबात लावू नये, लाख विरघळते.

गाणे संथ किंवा घाईत वाटते? आधी वेगाचे बटण ३३ वर आहे की ४५ वर ते पाहा. मग लेबलवर कागदाचा तुकडा ठेवून फेरे मोजा. एलपीचे तीन मिनिटांत बरोबर १०० फेरे व्हायला हवेत. स्वर लाटेसारखा हलत असेल तर बहुधा रेकॉर्ड फिरवणारा पट्टा सैल झालेला असतो, तो आम्ही बदलून देतो.

प्लेअर आणताना आर्म क्लिपमध्ये अडकवा, सुईला टोपी घाला आणि ज्या रेकॉर्डवर त्रास होतो तीच रेकॉर्ड बरोबर आणा.